स्वतःच्या गाडीने कंपनीचं काम करताय? ब्रिटनमधल्या नोकरदारांसाठी मायलेजची करसवलत

भारतातून ब्रिटनमध्ये नोकरीला आलेल्या माणसाच्या मनात कराचं एक ठरावीक वेळापत्रक असतं: मार्चअखेर बिलं गोळा करायची, कंपनीला द्यायची, फॉर्म १६ हातात आला की रिटर्न भरायचं. इथे तसं होत नाही. पीएवायई या पद्धतीत पगारातून कर महिन्याच्या महिन्याला कापला जातो आणि बहुतेक नोकरदारांना रिटर्न भरावंच लागत नाही. सोय चांगली आहे, पण त्यातून नुकसानही होतं. वर्षअखेर आपल्याकडे कोणीच काही विचारत नाही, म्हणून आपणही काही मागत नाही.

स्वतःची गाडी घेऊन कामासाठी फिरणाऱ्यांचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं. घरोघरी जाणाऱ्या केअर वर्कर, लिफ्ट किंवा बॉयलरची दुरुस्ती करणारे, साइटवर जाणारे सिव्हिल इंजिनिअर, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाणारे आयटीवाले असे कितीतरी जण कंपनीकडून मैलामागे वीस-पंचवीस पेन्स घेतात आणि विषय तिथेच संपला असं समजतात. तो तिथे संपत नाही. सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कंपनी कमी देत असेल, तर उरलेल्या रकमेवर करसवलत मागण्याचा हक्क २००३ च्या इन्कम टॅक्स कायद्याने तुम्हाला दिला आहे. तो कसा मागायचा ते इथे पहिल्यापासून सांगतो.

सवलत नेमकी कसली आहे

एचएमआरसीने, म्हणजे इथल्या कर खात्याने, स्वतःच्या वाहनाने केलेल्या कामाच्या प्रवासासाठी मैलामागे एक दर मान्य केला आहे. कार आणि व्हॅनला करवर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांपर्यंत ४५ पेन्स आणि त्यापुढच्या प्रत्येक मैलाला २५ पेन्स मिळतात. मोटरसायकलला सरसकट २४ पेन्स, सायकलला २०. गाडी पेट्रोलची, डिझेलची की विजेची, लहान की मोठी, याने दरात फरक पडत नाही.

कारचा ४५ पेन्सचा दर २०११ साली ठरला. त्याआधी तो ४० होता. त्यानंतर पेट्रोल, विमा, टायर, सर्व्हिसिंग सगळं किती महागलं ते गाडी बाळगणाऱ्याला वेगळं सांगायला नको. इतकी वर्षं तोच आकडा ठेवणं माझ्या मते कामगारांवर अन्याय आहे, आणि घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या, आधीच कमी पगार असलेल्या लोकांना त्याची झळ जास्त बसते. म्हणूनच जे मिळतंय त्यातला एक पेनीही सोडू नका.

या दरात गाडीचा सगळा खर्च धरलेला आहे: इंधन, विमा, रोड टॅक्स, एमओटी म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, सर्व्हिसिंग, टायर, गाडीची घसरणारी किंमत. त्यामुळे पेट्रोलची बिलं किंवा गॅरेजचं बिल वेगळं लावता येत नाही. मात्र कामाच्या फेरीत भरलेलं पार्किंग, टोल किंवा लंडनमधला कंजेशन चार्ज, म्हणजे शहराच्या मध्यभागात गाडी नेण्याचं शुल्क, या दरात येत नाही. कंपनीने ते पैसे दिले नसतील तर त्यावर स्वतंत्र सवलत मागता येते, म्हणून त्याच्या पावत्या जपा. पार्किंगचा दंड मात्र कुठेच बसत नाही.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. ४५ पेन्स सरकार तुमच्या हातात देत नाही. ४५ पेन्सच्या हिशेबाने येणारी रक्कम आणि कंपनीने दिलेली रक्कम यांतला फरक तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. म्हणजे हातात येतो तो त्या फरकावरचा कर: २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर २० टक्के, ४० च्या टप्प्यात असाल तर ४०. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना तिथले टप्पे लागू होतात. तुमचं उत्पन्न १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेतच असेल, तर तुम्ही कर भरलेलाच नाही आणि परत मिळण्यासारखं काही नाही. नॅशनल इन्शुरन्सची वर्गणीही या अर्जातून परत मिळत नाही.

पहिली पायरी: तुम्ही यात बसता का?

तुम्ही नोकरदार असायला हवं. स्वतःचा व्यवसाय म्हणून काम करणाऱ्यांना, उदाहरणार्थ जेवण पोचवणाऱ्या बहुतेक रायडरना, मायलेज स्वतःच्या व्यवसायाच्या हिशेबात दाखवावं लागतं. त्यांची वाट वेगळी आहे.

गाडी कंपनीने दिलेली नसावी. कंपनीची कार असेल तर ही सवलत नाही, तिथे इंधनाचे नियम निराळे आहेत. गाडी हप्त्यांवर घेतलेली किंवा तुम्ही स्वतः लीजवर घेतलेली असेल तर हरकत नाही. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर गाडी आहे आणि कामासाठी दुसरा चालवतो, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत असतं. तेही चालतं, कारण गाडी कंपनीची नाही आणि चालवणारे तुम्ही आहात, इतकंच बघितलं जातं.

विम्याकडे मात्र नीट लक्ष द्या. नवीन आलेले लोक तुलना करणाऱ्या वेबसाइटवर सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतात आणि त्यात फक्त खासगी वापर आणि ऑफिसला जाणं-येणं एवढंच असतं. ग्राहकाच्या घरी किंवा दुसऱ्या साइटवर जाताना अपघात झाला तर असा विमा उपयोगी पडेलच असं नाही. पॉलिसीवर ‘बिझनेस यूज’ हवा. विमा कंपनीला फोन करून तो वाढवून घेता येतो. याचा करसवलतीशी थेट संबंध नाही, पण कामासाठी गाडी काढायच्या आधी हे व्हायलाच हवं. तीच गोष्ट लायसन्सची: भारतीय लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते.

पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला ‘कार अलाउन्स’ येत असेल आणि त्यावर पगारासारखाच कर कापला जात असेल, तर तो मायलेजचा मोबदला धरला जात नाही. अनेकांना वाटतं की अलाउन्स मिळतो म्हणजे आपला हक्क संपला. उलट आहे. मैलामागे वेगळं काही मिळत नसेल, तर पूर्ण ४५ पेन्सवर सवलत मागता येते.

दुसरी पायरी: कुठला प्रवास कामाचा?

अर्ज फेटाळले जातात किंवा नंतर अंगाशी येतात ते इथे, म्हणून या पायरीवर थोडं थांबू.

मूळ नियम साधा आहे. घर ते नेहमीचं कामाचं ठिकाण हा प्रवास कामाचा धरला जात नाही, मग तो दोन मैलांचा असो वा साठ. याला शंभर वर्षांपूर्वीचा निकाल आहे. लंडनमध्ये राहून तिथेच वकिली करणाऱ्या एका बॅरिस्टरची पोर्ट्समथला रेकॉर्डर म्हणून, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाच्या पदावर नेमणूक झाली होती. लंडन ते पोर्ट्समथ रेल्वेभाड्यावर त्यांनी सवलत मागितली, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने १९२५ साली ती नाकारली. राहायचं कुठे हे माणूस स्वतः ठरवतो. कामावर हजर होण्यासाठी केलेला प्रवास वेगळा आणि काम करताना केलेला प्रवास वेगळा. नियम पुढे बदलत गेले, पण हा भेद आजही कायम आहे.

आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि दोन दिवस ऑफिस, अशी व्यवस्था आता सर्रास असते. घर हेही माझं कामाचं ठिकाण आहे, मग घर ते ऑफिस हा दोन कामाच्या ठिकाणांमधला प्रवास नाही का, असा प्रश्न पडतो. नाही. ऑफिस हे तुमचं कायमचं ठिकाण असेल तर तिथे जाणं-येणं हे जाणं-येणंच राहतं.

मग मोजायचं काय? एका कामाच्या ठिकाणाहून दुसऱ्या कामाच्या ठिकाणी, एका ग्राहकाकडून दुसऱ्या ग्राहकाकडे, ऑफिसातून साइटवर किंवा प्रशिक्षणाच्या ठिकाणी. घरातून थेट तात्पुरत्या ठिकाणी गेलात तर तेही मोजता येतं. अट एवढीच की तो रस्ता तुमच्या रोजच्या ऑफिसच्या रस्त्यासारखाच नसावा. ऑफिसच्या पलीकडच्या गल्लीतल्या ग्राहकाकडे सकाळी घरून थेट गेलात, म्हणून ती फेरी कामाची होत नाही.

‘तात्पुरतं’ म्हणजे काय, हे आयटी आणि इंजिनिअरिंगमधल्या लोकांनी नीट समजून घ्यावं. समजा तुमचं ऑफिस रेडिंगला आहे आणि कंपनीने तुम्हाला स्विंडनच्या ग्राहकाकडे दहा महिन्यांसाठी पाठवलं. स्विंडन हे तात्पुरतं ठिकाण, आणि घर ते स्विंडन हा प्रवास कामाचा. पण एखाद्या ठिकाणी तुमच्या कामाच्या वेळेतला ४० टक्के किंवा अधिक वेळ जाणार असेल आणि हे २४ महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर ते ठिकाण कायमचं धरलं जातं. इथे अपेक्षेला महत्त्व आहे. दहाव्या महिन्यात मॅनेजरने सांगितलं की प्रकल्प तीन वर्षं चालणार आणि तुम्ही तिथेच राहणार, तर त्या दिवसापासून सवलत थांबते. आधीच्या दहा महिन्यांची मात्र जात नाही. म्हणून अशी ईमेल जपून ठेवा, तारीख तिच्यावरून सिद्ध होते.

नेमणूकच एका ठिकाणासाठी झाली असेल, म्हणजे सहा महिन्यांचा करार आणि सहाही महिने त्याच साइटवर काम, तर २४ महिन्यांचा नियम मदतीला येत नाही. त्या नोकरीपुरतं ते कायमचंच ठिकाण. एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांचं बहुधा असंच होतं: प्रत्येक नेमणूक वेगळी नोकरी धरली जाते आणि तिथवरचा प्रवास हे नेहमीचं जाणं-येणं ठरतं. अंब्रेला कंपनीमार्फत, म्हणजे काम एकीकडे पण कागदोपत्री नोकरी आणि पगार मधल्या एका कंपनीकडून, असं काम करणाऱ्यांना एप्रिल २०१६ पासून हाच नियम लागू झाला. काम कसं करायचं यावर दुसऱ्या कोणाचा ताबा, देखरेख किंवा सूचना असतील, तर घर ते साइट या प्रवासावर सवलत नाही. ‘आमच्याकडे आलात तर मायलेजवर कर वाचेल’ असं एखादी अंब्रेला कंपनी सांगत असेल, तर सही करण्यापूर्वी हा मुद्दा तिला लेखी विचारा.

केअर वर्करच्या बाबतीत दिवसभरातला एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा प्रवास निःसंशय कामाचा आहे. सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची फेरी करारावर अवलंबून असते. करारात एखादं ऑफिस तुमचं मूळ ठिकाण म्हणून लिहिलंय का, की ठरवून दिलेल्या एखाद्या भागात फिरणं हेच तुमचं काम आहे, ते वाचा. भाग ठरवून दिलेला असेल आणि तुम्ही त्या भागाबाहेर राहत असाल, तर घरापासून भागाच्या हद्दीपर्यंतचा प्रवास जाण्या-येण्यात धरला जातो. हद्दीच्या आतला कामाचा.

तिसरी पायरी: मायलेजची वही

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. १४ ऑक्टोबर २०२४ पासून एचएमआरसीने अशा दाव्यांना पुरावा जोडणं सक्तीचं केलं आहे. त्याआधी लोक वर्षाचा एक गोळाबेरीज आकडा लिहून पाठवायचे. आता प्रत्येक फेरीचं कारण आणि सुरुवातीचा व शेवटचा पोस्टकोड असलेली नोंद मागतात. एकाहून जास्त नोकऱ्या असतील तर प्रत्येकीची नोंद वेगळी.

चांगली नोंद कशी दिसते? मिल्टन कीन्सला राहणारा आणि तिथेच ऑफिस असलेला एक सर्व्हिस इंजिनिअर घेऊ. त्याच्या ४ नोव्हेंबर २०२५ च्या पानावर असं असेल:

ऑफिस, मिल्टन कीन्स (पोस्टकोड) ते ग्राहक, बेडफर्ड (पोस्टकोड). नव्या मशीनची जोडणी. १७ मैल.
बेडफर्ड (पोस्टकोड) ते ग्राहक, नॉर्थॅम्प्टन (पोस्टकोड). बंद पडलेल्या मशीनची दुरुस्ती. २२ मैल.
नॉर्थॅम्प्टन (पोस्टकोड) ते घर, मिल्टन कीन्स (पोस्टकोड). परतीचा प्रवास. २० मैल.

एकूण ५९ मैल. सकाळी घरून ऑफिसला गेला ते चार मैल यात नाहीत, आणि नसायलाच हवेत. दुपारी नॉर्थॅम्प्टनला मित्राकडे जेवायला वाट वाकडी केली असेल तर ते मैलही नाहीत. ‘मीटिंग’, ‘काम’, ‘साइट’ असे एका शब्दाचे शेरे टाळा. तीन महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही, मग तपासणाऱ्याला काय कळणार?

वही कागदाची असो, एक्सेलची असो वा मोबाइल अ‍ॅपची, चालते. मला एक्सेल बरं वाटतं, कारण बेरीज आपोआप होते आणि अर्जाला जोडायला सोपं जातं. गाडीतून उतरल्यावर लगेच लिहिलेलं सर्वांत भरवशाचं. मागच्या वर्षांची वही नसेल तर हातपाय गाळू नका. ड्यूटीचं वेळापत्रक, ऑफिसचं कॅलेंडर, ग्राहकांच्या भेटीच्या ईमेल, कंपनीला दिलेले मायलेजचे दावे यांवरून खऱ्या फेऱ्या पुन्हा मांडता येतात. फोनमध्ये नकाशाची टाइमलाइन चालू असेल तर तीही उपयोगी पडते. अंदाजाने मैल भरू नका, ज्या फेरीचा काही मागमूस सापडतो तीच लिहा.

करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या ५ एप्रिलला संपतं. या दोन दिवशी गाडीच्या मीटरचा फोटो काढून ठेवा. एमओटीच्या वेळी मीटरचा आकडा नोंदवला जातो आणि गाडीचा नंबर टाकला की तो जीओव्ही डॉट यूके या सरकारी साइटवर कोणालाही दिसतो. वर्षात गाडी ९,००० मैल फिरली असेल आणि अर्जात कामाचे ११,००० मैल असतील, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

चौथी पायरी: हिशेब

एक केअर वर्कर वर्षभरात कामासाठी ६,२०० मैल फिरली. कंपनीने मैलामागे २५ पेन्स दिले.

मान्य दराने: ६,२०० गुणिले ४५ पेन्स, म्हणजे २,७९० पौंड.
कंपनीने दिले: ६,२०० गुणिले २५ पेन्स, म्हणजे १,५५० पौंड.
फरक: १,२४० पौंड.

ती २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर २४८ पौंड वाचतात. चार वर्षं असंच काम करून तिने कधीच अर्ज केला नसेल, तर जवळपास हजार पौंडांवर पाणी सोडलं.

दुसरं उदाहरण. एक साइट इंजिनिअर १२,००० मैल फिरला, कंपनी २० पेन्स देते. पहिल्या १०,००० मैलांचे ४,५०० पौंड आणि पुढच्या २,००० मैलांचे २५ पेन्सने ५०० पौंड, एकूण ५,०००. कंपनीचे २,४००. फरक २,६०० पौंड. पगारामुळे तो ४० टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि हा फरकही पूर्ण त्याच टप्प्यात बसत असेल, तर १,०४० पौंड. हा २,६०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत त्याचं काम आहे.

हिशेब नेहमी वर्षाच्या बेरजेवर होतो, एकेका महिन्यावर नाही. काही ठिकाणी पहिल्या काही हजार मैलांना ४५ हून जास्त दर आणि पुढच्या मैलांना खूप कमी दर देतात. फक्त पुढचे महिने पाहिले तर मोठा फरक दिसतो. पूर्ण वर्ष धरल्यावर कदाचित थोडाच उरतो, कधी काहीच नाही. कंपनीने वर्षभरात मान्य रकमेपेक्षा जास्त दिलं असेल तर वरच्या रकमेवर उलट तुम्हालाच कर भरावा लागतो. वर्षात गाडी बदलली तरी १०,००० ची मर्यादा नव्याने सुरू होत नाही. दोन्ही गाड्यांचे मैल एकत्र मोजायचे.

सोबत सहकारी असेल तर प्रत्येकामागे मैलाला ५ पेन्स कंपनी करमुक्त देऊ शकते. कंपनीने ते दिले नाहीत तर मात्र त्यावर सवलत मागता येत नाही.

पाचवी पायरी: अर्ज

तुम्ही दर वर्षी सेल्फ असेसमेंट रिटर्न, म्हणजे स्वतः भरायचं कराचं रिटर्न, भरत असाल, तर वेगळा अर्ज नाही. नोकरीच्या पानांवर, म्हणजे एसए१०२ वर, कामाच्या प्रवासखर्चाचा १७ क्रमांकाचा रकाना आहे, त्यात फरकाची रक्कम लिहायची.

रिटर्न भरत नसाल आणि त्या वर्षीचा एकूण दावा २,५०० पौंडांपर्यंत असेल, तर पी८७ हा अर्ज. वरच्या उदाहरणातली केअर वर्कर इथे बसते. साइट इंजिनिअरचा दावा २,६०० चा, म्हणून त्याला सेल्फ असेसमेंटसाठी नोंदणी करावी लागेल: करवर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी, आणि ऑनलाइन रिटर्न त्यापुढच्या ३१ जानेवारीपर्यंत. काम थोडं वाढतं, पण हजार पौंडांसाठी ते करण्यासारखं आहे.

पी८७ साठी योग्य वेळ म्हणजे करवर्ष संपल्यावर, पी६० (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा दाखला) हातात आल्यावर. कंपनीला तो ३१ मेपर्यंत द्यावा लागतो. अर्जाला बसण्याआधी समोर ठेवायच्या गोष्टी: नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पी६० किंवा पगाराची चिठ्ठी, कंपनीचा पीएवायई संदर्भ क्रमांक (तो याच कागदांवर असतो), तुमच्या पदाचं नाव, मायलेजची वही आणि कंपनीने वर्षभरात मायलेजपोटी दिलेल्या रकमेची बेरीज. ही बेरीज पगाराच्या चिठ्ठ्यांवरून काढा. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर पेरोल विभागाला ईमेल करा.

अर्ज जीओव्ही डॉट यूके वर आहे. ऑनलाइन भरताना सरकारी लॉगिन लागतं. ते नसेल तर आधी तयार करून घ्या, ओळख पटवायला बीआरपी या जुन्या रहिवासी कार्डाऐवजी आता पासपोर्ट हाताशी ठेवलेला बरा. टपालाने पाठवत असाल तर मूळ कागद पाठवू नका, प्रती पाठवा आणि पाठवलेल्या प्रत्येक पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा. प्रत्येक करवर्षासाठी वेगळा अर्ज.

मागची वर्षंही मागता येतात. करवर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत असते. २०२२-२३ या वर्षाचा दावा ५ एप्रिल २०२७ पर्यंत पोचायला हवा. त्यानंतर एक दिवसही उशीर झाला तर ते वर्ष गेलं. म्हणून जुन्या वर्षांचे अर्ज आधी करा, चालू वर्ष थांबू शकतं.

यासाठी एजंटची गरज नाही. ‘तुमचा टॅक्स परत मिळवून देतो’ अशा जाहिराती फेसबुकवर नव्या लोकांना सतत दिसतात. अर्ज फुकट आहे आणि वही नीट असेल तर तासाभराचं काम आहे. एजंट त्यातला मोठा हिस्सा घेतात, शिवाय मैल फुगवून लिहिले तर जबाबदारी अर्जावर नाव असलेल्या तुमचीच राहते. पूर्वी काही एजंट तुमचा परताव्याचा हक्कच स्वतःच्या नावावर लिहून घ्यायचे. २०२३ मध्ये कायद्याने ते बंद केलं. तरीही अर्जात पैसे दुसऱ्या कोणाला द्यायचे का असा भाग असतो, तो कोणाच्या सांगण्यावरून भरू नका.

अर्ज मंजूर झाल्यावर

जुन्या वर्षांचे पैसे परतावा म्हणून येतात. चालू वर्षासाठी बहुधा टॅक्स कोड बदलतो. साधारण नोकरदाराचा कोड १२५७एल असतो, म्हणजे १२,५७० पौंड करमुक्त. आपल्या केअर वर्करचे १,२४० पौंड त्यात मिळवले की १३,८१० होतात आणि कोड १३८१एल होतो. एचएमआरसीचं पत्र आलं की त्यावरची बेरीज स्वतः करून पाहा, आणि पुढच्या पगाराच्या चिठ्ठीवर तोच कोड आहे ना ते बघा. दावा नाकारला असेल किंवा रक्कम कमी केली असेल तर पत्रात कारण दिलेलं असतं. पटलं नाही तर पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या आणि ज्या फेऱ्यांवर शंका घेतली आहे त्यांचे कागद जोडा.

हा वाढवलेला कोड पुढच्या वर्षीही तसाच चालू राहू शकतो. दरम्यान तुम्ही ऑफिसात बसून करायची नोकरी धरली, कंपनीने दर वाढवून ४५ पेन्स केला किंवा कंपनीची कार मिळाली, तर तुम्हाला हक्क नसलेली सवलत दर महिन्याला मिळत राहते आणि वर्षअखेर एचएमआरसी ती वसूल करते. नोकरी किंवा दर बदलला की त्याच आठवड्यात तुमच्या ऑनलाइन टॅक्स खात्यात जाऊन मायलेजचा आकडा काढून टाका किंवा नवा भरा.